घोडी कुणाच्या नावावर?

मुलगी आणि घोडा यांच्या सिनेमात एक प्रसंग ठरलेला असतो. मुलगी बाहेरून येते, धावत तबेल्याकडे जाते, आणि तबेला रिकामा. बापानं घोडा विकून टाकलेला असतो. घरावर कर्ज असतं, नाहीतर घोडा धोक्याचा असतो, बहुतेक वेळा दोन्ही. मुलगी रडते, भांडते, दार आपटून निघून जाते. इतका वेळ डोक्यात न आलेला प्रश्न तेव्हा कुठे आपल्याला पडतो, की हा घोडा हिचा होता कधी? खरारा हिनं केला, लीद हिनं काढली, थंडीत त्याच्याजवळ गवतात हीच झोपली. पण व्यवहाराची वेळ आली तेव्हा सही बापाची.

मी हे सिनेमे पाहायला लागले ते भाचीमुळे. पुण्याला राहते, वय वर्षं अकरा, आणि घोडा या प्राण्यानं तिला पार झपाटलंय. वहीच्या मागच्या पानांवर घोडे, कंपासपेटीवर घोडे. मे महिन्यात ती आमच्याकडे साताऱ्याला येते. ऊन उतरेपर्यंत बाहेर पडायची सोय नसते, म्हणून आम्ही पडदे ओढून टीव्हीसमोर बसतो. सुरुवातीला मी आपली सोबत म्हणून बसायचे, पुढ्यात वर्षाचे गहू निवडायला घेऊन. हळूहळू ताट बाजूला राहायला लागलं.

यातले बरेच सिनेमे सुमार असतात, हे आधीच सांगून टाकते. मुलगी दहा ते सोळा या वयातली. आई नाहीतर बाप वारलेला, किंवा शहरातून उचलून हिला कुठल्या खेड्यात आणून टाकलेलं. तिथे कुणालाच जवळ न येऊ देणारा एक घोडा. ती हात पुढे करते, घोडा फुरफुरतो, मग नाक तिच्या तळहाताला लावतो, आणि व्हायोलिनं सुरू होतात. शेवटी शर्यत. भाचीला हे सगळं पाठ आहे आणि तरी दर वेळी तिचा श्वास अडकतो. मला मात्र पहिल्या वीस मिनिटांत त्या घराची आर्थिक परिस्थिती ताडायची खोड लागली, कारण गोष्ट कुठे वळणार हे त्यावरच ठरतं. 'ओस्टविंड' हा २०१३ चा जर्मन सिनेमा त्यातल्या त्यात वेगळा वाटला. मिका नापास होते, म्हणून तिची सुट्टीतली मजा रद्द करून तिला आजीच्या घोड्यांच्या फार्मवर धाडतात. आपल्याकडे नापास झाल्यावर क्लास लावतात, त्यांनी घोडा लावला. गंमत म्हणजे मिकाला घोड्यांचं काडीचं वेड नसतं, आणि आजी बापाइतकीच, किंबहुना जास्तच कडक. तिच्यापुढे घोडेसुद्धा शिस्तीत उभे राहत असावेत.

पण या सगळ्यांत जुना आणि माझ्या मते अजूनही सगळ्यांत चांगला तो 'नॅशनल व्हेल्व्हेट'. १९४४ चा. एनिड बॅग्नॉल्ड यांच्या १९३५ च्या कादंबरीवरून केलेला. एलिझाबेथ टेलर त्या वेळी जेमतेम बारा वर्षांची. इंग्लंडातल्या एका गावातल्या खाटिकाची मुलगी व्हेल्व्हेट, तिला सोडतीत एक अडेलतट्टू घोडा लागतो, आणि हा ग्रँड नॅशनल जिंकणार असं ती मनाशी धरून बसते. ग्रँड नॅशनल म्हणजे लिव्हरपूलजवळ एंट्रीला होणारी चार मैलांहून लांबीची शर्यत, वाटेत तीस उड्या. तिथे घोडे पडतात, स्वार पडतात, प्रसंगी जिवावर बेततं. शर्यतीत घोडा उतरवायचा तर पैसे भरावे लागतात. बाप मनानं वाईट नाही, पण दुकानदार माणूस, पै-पैचा हिशेब ठेवणारा.

मग एका रात्री आई मुलीला माळ्यावर घेऊन जाते. ही बाई सबंध सिनेमाभर कामात असते आणि मोजकं बोलते. तरुणपणी ती इंग्लिश खाडी पोहून गेलेली असते. त्या वेळी बक्षीस मिळालेली शंभर सोन्याची नाणी तिनं ट्रंकेत तशीच जपून ठेवलेली असतात. ती ते पैसे मुलीच्या हातात देते. माणसाला आयुष्यात एकदा तरी छाती दडपून टाकणारा खुळेपणा करायला मिळावा, अशा अर्थाचं काहीतरी म्हणते. ही आई रंगवणाऱ्या ॲन रेव्हीअरला त्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं, आणि मला वाटतं ते या एका प्रसंगासाठीच असावं. घोड्यांच्या सिनेमातला सर्वांत जमलेला प्रसंग, आणि त्यात घोडा कुठेच नाही. एक ट्रंक आहे, आणि दोन बायका. आपल्याकडे अशी ट्रंक उघडते ती मुलीच्या लग्नात. पाटल्या, मोहनमाळ, एखादं मोडीत घालायला काढलेलं सोनं. मुलीच्या खुळेपणासाठी ती उघडल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

पुढची गोष्ट माहीत असेल. स्वार मिळत नाही, तेव्हा व्हेल्व्हेट केस कापून मुलाच्या वेशात स्वतःच घोड्यावर बसते, जिंकते, रेषा ओलांडल्यावर भोवळ येऊन खाली पडते आणि शर्यतीतून बाद होते. मुलगी असल्याचं उघड होतंच. सिनेमा तिथे रडत बसत नाही, हे मला आवडलं. खऱ्या ग्रँड नॅशनलमध्ये स्त्रीला स्वार म्हणून उतरायला १९७७ साल उजाडावं लागलं. तेही इंग्लंडात स्त्री-पुरुष भेदभावाविरुद्धचा कायदा आल्यानंतर. शार्लट ब्रू तिचं नाव. तिचा घोडा सत्ताविसाव्या उडीपाशी अडला. आणि स्त्रीनं ती शर्यत प्रत्यक्ष जिंकली २०२१ मध्ये, रेचल ब्लॅकमोर या आयरिश बाईनं. करोनामुळे त्या दिवशी मैदानात प्रेक्षकच नव्हते. म्हणजे पडद्यावर व्हेल्व्हेट जिंकली त्यानंतर ७७ वर्षांनी. हे सगळं मी भाचीला मोठ्या उत्साहानं ऐकवलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण घोड्याला कळलं का, आपण जिंकलो ते?"

एक गोष्ट मला उशिरा लक्षात आली. या गोष्टींमधल्या बऱ्याच मुली मुळात मुलगे होते. 'माय फ्रेंड फ्लिका' ही मेरी ओहारा यांची १९४१ ची कादंबरी, वायोमिंगमधल्या एका रँचवरची. त्यातला नायक केन नावाचा मुलगा, आणि १९४३ च्या सिनेमातही मुलगाच. २००६ मध्ये पुन्हा सिनेमा निघाला तेव्हा केनची केटी झाली. ॲना स्यूएल यांची 'ब्लॅक ब्यूटी' १८७७ ची. तिच्यात ज्यो ग्रीन हा तबेल्यात काम करणारा पोरगा. २०२० च्या सिनेमात तो ज्यो मुलगी झाला, आणि ब्यूटी हा घोडासुद्धा घोडी झाला. 'स्पिरिट' या कार्टूनपटात २००२ साली घोड्याचा सोबती एक तरुण लकोटा आदिवासी होता, २०२१ च्या भागात त्याच्या जागी लकी नावाची मुलगी आली. कुणी म्हणेल, तिकिटं मुलीच काढतात, म्हणून बदललं. काढत असतील. पण मग मुलीच का काढायला लागल्या?

माझा कयास असा, की घोडा पुरुषांच्या कामातून गेला आणि मग तो मुलींना मिळाला. ट्रॅक्टर आले, मोटारी आल्या, घोडदळं मोडली. ज्या जनावरावर शेती, लढाई आणि दळणवळण उभं होतं ते एका पिढीत हौसेचं झालं. ऑलिंपिकमध्ये हे अगदी स्पष्ट दिसतं. १९४८ पर्यंत ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याला डौलदार चाली करायला लावण्याच्या प्रकारात, सैन्यातल्या अधिकाऱ्यांनाच उतरता येई. १९५२ ला हेलसिंकीत ती अट गेली आणि बायकांनाही दार उघडलं. त्याच वर्षी डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी रौप्यपदक मिळवलं. पोलिओमुळे त्यांच्या गुडघ्याखाली ताकद नव्हती. घोड्यावर चढवायला आणि उतरवायला माणूस लागे. वर बसल्या की मात्र कुणी लागत नसे. घोडेस्वारीत आजही स्त्री-पुरुषांची स्पर्धा एकत्रच होते. २०२३ च्या सप्टेंबरात हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताला ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण मिळालं, घोडेस्वारीतलं ४१ वर्षांनंतरचं, तेव्हा चौघांच्या त्या संघात सुदीप्ती हजेला आणि दिव्यकृती सिंग या दोन मुली होत्या. भाचीच्या खोलीत तो फोटो आहे.

मात्र साताऱ्यात उभं राहून पाहिलं की हा माझा कयास थोडा लंगडतो. आमच्याकडे घोडा हौसेचा झालाच नाही. माझ्या लहानपणी टांगे होते. टांगेवाले तोंडानं चक्-चक् आवाज काढायचे, उभ्या घोड्याच्या तोंडाला हरभऱ्याचा तोबरा बांधायचे, आणि चढावर मागच्या मंडळींना उतरायला सांगायचे. रिक्षा आल्या, टांगे गेले. आता घोडा दिसतो तो महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी, पाचगणीला टेबललँडवर, नाहीतर लग्नात. तिन्हीकडे तो रोजगार आहे आणि तिन्हीकडे लगाम पुरुषाच्या हातात.

वेण्णा तलावाला भाचीला घेऊन गेलो होतो. घोडेवाला दोर धरून पुढे, ही वर, ठरलेल्या वळणापर्यंत जायचं आणि वळायचं. हिनं सिनेमात शिकलेलं सगळं करून पाहिलं. मानेवर थोपटलं, कानाशी कुजबुजली, टाच लावली. घोडा ढिम्म. त्याची चाल, त्याचं वळण, सगळं ठरून गेलेलं. "काका, दोर सोडा ना, मी चालवते," म्हणाली. "बेबी, सोडला तरी ते माझ्याच मागनं येतंय," घोडेवाला म्हणाला, आणि ते खरं होतं. मी त्याच्याशी बोलत चालले होते. पावसात महाबळेश्वरला कुत्रं फिरकत नाही, पण जनावराला खायला तर रोज लागतं. "गिऱ्हाईक चार म्हयने, पोट बारा म्हयने." चंदी, नाल, डॉक्टर. घोड्याला उलटी करता येत नाही, म्हणून पोटात कळ उठली की जिवावरचं दुखणं. हे त्यानं सांगितलं ते मी नंतर वाचलंही. तुमची मुलगी बसते का घोड्यावर, असं सहज विचारलं. "लहान व्हती तवा लई बसायची. आता कॉलेजला हाय," तो म्हणाला.

पडद्यावरचा घोडा तरी कुठे मोकळा असतो? तोही पोटासाठीच राबतो. २००६ चा 'फ्लिका', ज्यात घोडीवरच्या प्रेमापायी केटी बापाशी उभा दावा मांडते आणि घोडी परत मिळवायला पुन्हा एकदा मुलाचाच वेश घेते, त्या सिनेमाच्या चित्रीकरणात दोन घोडे मेले. एकाचा पाय मोडला, एकाची मान. तपासात दोन्ही अपघात ठरले. मी हे भाचीला सांगितलेलं नाही. घोड्याचा पाय मोडणं म्हणजे काय, हे तिला 'ड्रीमर' या सिनेमामुळे माहीत आहे. साडेचारशे-पाचशे किलोचा देह चार काटक्यांवर उभा. एक पाय उचलून धरला की सगळा भार उरलेल्यांवर, आणि मग तेही सडायला लागतात. म्हणून शर्यतीच्या घोड्याचा पाय मोडला की बहुतेक वेळा त्याला तिथेच मारतात. २००५ चा 'ड्रीमर' ज्या घोडीवरून सुचला ती मरायाज स्टॉर्म मात्र खरोखर वाचली. १९९३ मध्ये तिच्या पुढच्या पायाचं हाड मोडलं, मालकांनी तिला जगवलं, ती पुन्हा धावली आणि जिंकली. तिचं पुढचं शिंगरू जायंट्स कॉजवे तर युरोपात गाजलं. सिनेमातली ती हट्टी लहान मुलगी मात्र लेखकानं घातलेली. त्याशिवाय कुटुंबानं एकत्र बसून काय पाहायचं?

आषाढातल्या एका रविवारी भाची आणि तिची आई पुण्याहून मुद्दाम आल्या, माउलींच्या पालखीतलं उभं रिंगण पाहायला. लोणंद सोडल्यावर तरडगावच्या अलीकडे चांदोबाचा लिंब लागतो. तिथे पालखीच्या वाटेवरचं पहिलं रिंगण होतं. बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे दोन अश्व आळंदीला येतात आणि तिथून वारीबरोबर चालतात. एकावर पताका घेतलेला स्वार, दुसऱ्यावर कुणी नाही. तो माउलींचा. वारकरी दुतर्फा उभे राहतात, टाळ-मृदंगाचा आवाज वाढत वाढत जातो, आणि त्या दोन रांगांमधून ते दोन घोडे भरधाव सुटतात. पाहता पाहता ते रथापाशी जाऊन परत फिरतात, आणि माणसं टापांखालची माती कपाळाला लावायला वाकतात. भाची माझा हात धरून उभी होती. या घोड्याचा दोर कुणी धरला नव्हता, आणि त्याच्या पाठीवर जागा होती. तिनं विचारलंच. "मावशी, मला बसू देतील?" शेजारी डोक्यावर तुळस घेतलेल्या एक आजी होत्या, फलटण भागातल्या असाव्यात. त्या मोठ्यानं हसल्या. "बाय माझे, त्याच्यावर राजानं सुदिक बसायचं न्हाई." मला वाटलं पोरगी हिरमुसेल. पण राजालाही मनाई आहे म्हटल्यावर तिचं समाधान झालेलं दिसलं.

परतताना रस्त्याकडेच्या पडीक रानात धनगरांचा वाडा उतरलेला होता. माण, खटाव, फलटणकडचे धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बाहेर पडतात, काहीजण घाट उतरून पार कोकणात जातात, आणि पावसाच्या तोंडावर माघारी येतात. गडी माणसं मेंढरांबरोबर रानारानानं चालतात. बिऱ्हाड असतं घोड्यांवर, आणि घोडी असतात बायकांच्या ताब्यात. बाज, भांडी, वाघर, कोंबड्या, नुकतं व्यालेलं कोकरू, चालता न येणारं मूल, सगळं त्या बुटक्या तट्टाच्या पाठीवर चढतं. ते असं बांधायचं की दिवसभर वाट चालून सुटता कामा नये. ही दख्खनी तट्टं. त्यांतल्या भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून अलीकडे सरकारदरबारी नोंदही झाली आहे. एके काळी मराठी फौजांची दौड याच काटक जनावरांवर होती. आता पाठीवर बाज.

भाचीच्याच वयाची एक मुलगी घोडीला पाणी पाजत होती. मागे शिंगरू. आमची पोरगी अर्थातच गाडी थांबवायला लावून धावली.

"नाव काय हिचं?"

"घोडीला कसलं नाव?"

भाची गप्पच झाली. सिनेमात नाव ठेवण्यावरच पहिला अर्धा तास जातो. मग मी विचारलं, "तू बसतेस का हिच्यावर?"

"वज्झं आस्तंय की तिच्यावर. मी कुटं बसू?"

"कुणाची आहे घोडी? आजोबांची?"

"आयची. मामानं दिलीया तिला." मग शिंगराकडे बोट दाखवून म्हणाली, "हे बी आयचंच. इकायचं का ठिवायचं, आय सांगंल."

इतके सिनेमे पाहिले, पण ज्यात घोडी बाईची आणि विकायचा निर्णयही बाईचा, असं घर मला पहिल्यांदा भेटलं ते लोणंदच्या रस्त्यावर. आणि त्या घरात घोड्यावर बसायला कुणालाच सवड नव्हती.

आपल्याकडे मुलगी आणि घोडा म्हटलं की लगेच ताराराणींचं नाव निघतं, आणि निघायलाच हवं. कराडजवळच्या तळबीडच्या सरनौबत हंबीरराव मोहित्यांची ही लेक. बापच घोडदळाचा सेनापती, तेव्हा लगाम हातात येण्यासाठी कुणाशी भांडावं लागलं नसेल. राजाराम महाराज गेले तेव्हा ती पंचविशीची होती, आणि पुढची सात वर्षं औरंगजेबाला तिनं या मुलखात सुखानं बसू दिलं नाही. कोल्हापूरला कावळा नाक्यावर तिचा घोड्यावरचा पुतळा आहे, तो पाहून छाती फुगते. पण शाळेच्या स्नेहसंमेलनात जिला ताराराणी करतात, तिचा घोडा पुठ्ठ्याचा असतो. वर्षातून एकदा मुलीला पुठ्ठ्याच्या घोड्यावर बसवायला आपण फार तत्पर असतो.

माझी आत्या खऱ्या घोडीवर बसायची. आता तिनं ऐंशी ओलांडली, साताऱ्यातच माझ्या चुलतभावाकडे असते. खटाव तालुक्यात आमचं मूळ गाव. आजोबांकडे एक कुमैत घोडी होती, वडूजच्या बाजाराला आणि वसुलीच्या कामाला जायला. तिला येरळेवर पाण्याला न्यायचं काम आत्याकडे. जाताना चालत, येताना वर बसून. खोगीर नाही, रिकीब नाही, परकराचा काचा मारून उघड्या पाठीवर मांड टाकायची. गावातली सायकल शिकणारी पोरं तिच्याशी शर्यत लावायची आणि हरायची. हे ती आजही रंगवून सांगते. त्यापुढचं मात्र एका वाक्यात उरकते. तेराव्या वर्षी आजी म्हणाली, आता लुगडं नेसलीस, पुरे झालं. कुणी रागावलं नाही, दार आपटलं नाही. पुढच्या सुगीत आजोबांनी घोडीही काढली. गावात एसटी यायला लागली होती.

या सगळ्या सिनेमांतल्या मुली दहा ते सोळा वर्षांच्या का असतात, हे मला आत्यामुळे उमगलं. सोळाच्या पुढे गोष्ट न्यायची तर मग त्या आजीलाही गोष्टीत घ्यावं लागेल. 'राइड लाइक अ गर्ल' हा २०१९ चा ऑस्ट्रेलियन सिनेमा तेवढा पुढे गेला, कारण मिशेल पेन खरीखुरी होती. दहा भावंडांतली धाकटी. २०१५ चा मेलबर्न कप तिनं जिंकला, तो जिंकणारी पहिली स्त्री. घोडा असा, की त्याच्यावर शंभरास एक भाव. मध्ये एकदा पडून तिची कवटी फुटली होती आणि घरचे सगळे म्हणत होते, आता थांब. तीही ऐकेना.

आत्या पुन्हा घोडीजवळ आली ती थेट स्वतःच्या लग्नात. परण्या मारुतीच्या देवळाकडे निघाला तेव्हा माडीच्या खिडकीतून तिनं नवरदेवाला पाहिलं. "पोत्यासारखा बसलावता," ती सांगते. "घोडी हलली की गळ्यात पडायचा तिच्या. तवाच वळखलं म्या, मानूस गरीब हाय." आमचे मामंजी, म्हणजे आत्याचे यजमान, खरंच गरीब स्वभावाचे होते. हल्ली नवऱ्या मुलीचीही घोड्यावरून मिरवणूक काढतात, पेपरात फोटो येतात. आत्याला तसा एक फोटो दाखवला. तिनं चष्मा वर करून नीट पाहिला. "दोर त्या बाप्याच्याच हातात हाय की."

या मे महिन्यात तिलाच घरी आणलं आणि तिघींनी मिळून 'नॅशनल व्हेल्व्हेट' पुन्हा पाहिला. इंग्रजी तिला कळत नाही, भाची मध्येमध्ये सांगत होती. उड्यांच्या शर्यतीत ती फारशी रमली नाही. एवढी सरळ वाट असताना जनावराला कुंपणावरून कशाला उडवायचं, असं तिचं म्हणणं. लगाम लई आवळून धरलाय पोरीनं, तोंड सोलवटंल घोड्याचं, असंही म्हणाली. ट्रंकेचा प्रसंग आला तेव्हा मी मुद्दाम तिच्याकडे पाहत होते. डोळे वगैरे काही भरले नाहीत. "माळ्यावर नेऊन कशापायी देती?" ती म्हणाली. "तिनं पवून मिळवल्यालं पैसं. खाली नवऱ्याच्या म्होरं द्यायचं की."

मला यावर काही बोलता आलं नाही. मी इतक्या वेळा पाहिला होता तो प्रसंग.

मग विषय निघाला भाचीच्या रायडिंग क्लासचा. पुण्यात तिच्या घरापासून जवळच आहे, तिनं माहिती काढून ठेवलीय. तिचे बाबा गेलं वर्षभर "बघू" म्हणताहेत. माझी बहीण म्हणते, दहावी होऊ दे. आत्यानं फी विचारली. भाचीनं सांगितली. आत्यानं ती दोनदा वदवून घेतली आणि कपाळाला हात लावला.

"एवढ्यात आमच्या टायमाला शिंगरासकट घोडी आली आसती. वर दोन पोती हरबरा." मग तिनं दिवाणावरचा लोड ओढून आडवा टाकला आणि पोरीला म्हणाली, "ये हिकडं. बस ह्याच्यावर. आगं तशी न्हाई, पाय लोंबकळू देऊ नगं. गुडघ्यानं धर. हात ढिला सोड. आनि खाली बगायचं न्हाई, जिकडं जायाचं तिकडं बगायचं."